‘सापडला नाही’ म्हणजे नक्की काय? कमांड लाइनवरील शब्दकोश-शोधाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या चार जणांच्या एका गटाने एकोणिसाव्या शतकातील, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली काही मराठी पुस्तके संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले होते. स्कॅन केलेल्या पानांतून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, मजकूर काढायचा, दोघी मुद्रितशोधकांनी तो मूळ पानाशी ताडून पाहायचा आणि शेवटचे वाचन एका ज्येष्ठ वाचकाने करायचे, अशी कामाची वाटणी होती. या ज्येष्ठांना आम्ही सगळेच काका म्हणतो. गटातला चौथा मी. प्रोग्रॅम लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने पुढच्या हकिकतीतल्या बहुतेक चुकाही माझ्याच आहेत.

जुना मजकूर वाचताना शब्द अडतोच, आणि अशा शब्दांसाठी आमचा पहिला आधार मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांनी जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला हा कोश १८३१ मध्ये निघाला, आणि सुमारे साठ हजार शब्दांची त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. आमची पुस्तके त्याच काळातली असल्यामुळे तो आमच्या कामाला दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापेक्षाही जवळचा वाटे. काका छापील प्रत मांडीवर घेऊन बसत. मुद्रितशोधक मात्र प्रत्येक शब्दासाठी ब्राउझरमध्ये जात, आणि परत येईपर्यंत पानावरची ओळ हरवलेली असे.

पाने ताडून पाहण्याचे माझे छोटे प्रोग्रॅम टर्मिनलवरच, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या खिडकीतच, चालत, त्यामुळे दोघींच्या संगणकावर ती काळी खिडकी कायम उघडी असे. त्याच खिडकीत ‘शोध’ असे लिहून पुढे शब्द दिला की अर्थ दिसावा, एवढीच मागणी होती.

पहिली आवृत्ती आणि तिची पहिली खोड

पहिली आवृत्ती चार ओळींची होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्स या संगणक-प्रणालीत ‘लुक’ नावाची एक आज्ञा आहे. वर्णानुक्रमे लावलेल्या फाइलमध्ये दिलेल्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी ती शोधून देते. फाइल सांगितली नाही तर ती संगणकावरच्या शब्दयादीत बघते. मॅकवर ही यादी १९३४ च्या वेबस्टर कोशातून घेतलेली असून तिच्यात सव्वादोन लाखांहून जास्त इंग्रजी शब्द आहेत. आम्ही इंग्रजी यादीच्या जागी मोल्सवर्थची फाइल ठेवली. प्रत्येक ओळीत आधी शब्द आणि टॅबनंतर अर्थ, अशी तिची रचना होती.

दुसऱ्याच दिवशी काही शब्द ‘गायब’ असल्याची तक्रार आली. फाइल उघडून पाहिले तर शब्द तिथे होते, पण आज्ञेला ते दिसत नव्हते. लुक फाइल सुरुवातीपासून वाचत नाही. ती मधोमध उडी मारते, हवा तो शब्द अलीकडे असेल की पलीकडे हे ठरवते, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करते. यासाठी फाइलचा क्रम आणि आज्ञेच्या मनातला क्रम एकच असावा लागतो. मी फाइल लावली होती भारतीय लोकॅलच्या, म्हणजे भाषा आणि प्रदेशाप्रमाणे ठरलेल्या, नियमांनी, तर लुक तुलना करत होती बाइटांच्या, म्हणजे अक्षरांच्या संगणकातल्या अंकरूपाच्या, क्रमाने. अनुस्वार, मात्रा आणि जोडाक्षरे यांची जागा या दोन क्रमांत सारखी नसते, त्यामुळे शोध मधेच चुकीच्या अर्ध्यात शिरे आणि हात हलवत परत येई. बाइटांचाच क्रम पाळणारा ‘सी’ लोकॅल वापरून फाइल पुन्हा सॉर्ट केल्यावर ही खोड गेली.

इथे खरे तर थांबायला हवे होते. फाइल सदोष असतानाही आज्ञेने एकदाही ‘काहीतरी चुकले आहे’ असे म्हटले नव्हते. ती नुसती गप्प राहिली होती, आणि शब्द कोशात नसला तरी ती अशीच गप्प राहते. मी क्रमाची चूक दुरुस्त केली, पण त्या गप्प राहण्याकडे लक्ष दिले नाही.

चऱ्हाटाचा घोळ

तीनेक आठवड्यांनी काकांचा निरोप आला. एका पुस्तकात पुराणिकबुवांच्या लांबलेल्या निरूपणाची थट्टा होती, आणि लेखकाने त्या निरूपणाला चऱ्हाट म्हटले होते. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, आणि त्यावरूनच न संपणारे बोलणे. आमच्या मजकुरात मात्र तिथे ‘चव्हाट’ असे आले होते. काकांनी समासात लिहिले होते, “हे चव्हाट इथे कोणी आणले? बुवांनी चऱ्हाट लावले होते, चव्हाट्यावर काही मांडले नव्हते.”

चव्हाट आणले होते ओसीआरने. जुन्या छपाईत ऱ्ह मधली ती अर्धगोल रेघ आणि व्ह मधला अर्धा व शाई पसरल्यावर एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे यंत्राची चूक समजण्यासारखी होती. पण पहिले वाचन करणाऱ्या मुद्रितशोधिकेला शंका आली होती. तिने दोन्ही शब्द आमच्याच आज्ञेला विचारून पाहिले होते. ‘चऱ्हाट’ला काहीच उत्तर आले नाही. ‘चव्हाट’ला मात्र ‘चव्हाटा’ हा शब्द अर्थासकट मिळाला, कारण लुक सुरुवातीची अक्षरे जुळवते. म्हणजे साधनाने खऱ्या शब्दाला नकार दिला होता आणि चुकीच्या शब्दाला होकार. तिने कोशावर विश्वास ठेवला, आणि यात तिचे काहीच चुकले नाही.

कोशात चऱ्हाट होताच. अडचण त्यातल्या ऱ्ह च्या लेखनात होती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१) घेऊन त्याला हलन्त लावतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर हे अक्षर थेट उमटते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात. एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे प्रमाणीकरणही इथे उपयोगी पडत नाही. र आणि नुक्ता यांचा ऱ ते करून देते, पण जोडकाच्या वाटेला जात नाही.

आमच्या कोशाच्या फाइलमध्ये दुसरा प्रकार होता, आणि मुद्रितशोधक पहिला प्रकार टंकत. त्यावर माझ्या हातून आणखी एक गोष्ट झाली होती. फाइल ‘स्वच्छ’ करताना मी न दिसणारी सगळी चिन्हे काढून टाकली होती. त्या झाडूत जोडकही गेला, आणि कोशातल्या प्रत्येक ऱ्ह व ऱ्य चा रफार झाला. वऱ्हाड, तऱ्हा, गऱ्हाणें हे सगळे शब्द त्या दिवसापासून आमच्या आज्ञेपुरते कोशाबाहेर गेले होते. कोणाला कळले नाही, कारण वऱ्हाडाचा अर्थ कोणी कोशात शोधत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

काकांचा पर्याय सोपा होता: हे सगळे बंद करावे आणि दोघींनाही छापील प्रत घेऊन द्यावी. त्यामागचे त्यांचे कारण तेव्हा मला नीट उमगले नाही. ते म्हणाले, “पुस्तक कधी नाही म्हणत नाही. शब्द नसला तरी आजूबाजूचे चार शब्द दिसतात, आणि आपण कुठे चुकलो ते कळते.” मी हा जुन्या सवयीचा भाग समजून पुढे गेलो.

दुसरा पर्याय तयार साधनांचा होता. आमच्यापैकी एकीकडे मॅक होता, आणि मॅकमध्ये शब्दकोशाची सोय मुळातच आहे. २००५ च्या टायगर आवृत्तीत शब्दकोशाचे अ‍ॅप आले, आणि त्यानंतरच्या लेपर्ड आवृत्तीपासून प्रोग्रॅमला त्या कोशांतली व्याख्या मागता येते. पाच-सात ओळींत टर्मिनलवरची आज्ञा तयार होते. मात्र कोणत्या कोशात शोधायचे हे सांगण्याची जागा त्या उघड सोयीत रिकामीच ठेवावी लागते, आणि वापरणाऱ्याने निवडलेल्या कोशांतून उत्तर येते. स्वतःचा कोश बांधून त्यात घालता येतो आणि एका नोंदीला अनेक शोधशब्दही देता येतात. मला ही व्यवस्था मनापासून आवडली, पण बाकीच्यांकडे लिनक्स आणि विंडोज होते.

डिक्ट हा १९९७ मध्ये आरएफसी २२२९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) म्हणून नोंदवलेला, दुसऱ्या संगणकावरच्या कोशाला शब्द कसा विचारायचा याचा शिष्टाचार या अडचणीवर उपाय ठरू शकला असता. एका संगणकावर कोशाचा सर्व्हर ठेवायचा, तो २६२८ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) ऐकतो, आणि बाकीच्यांनी तिथे शब्द विचारायचा. पण काकांच्या घरी इंटरनेट असे-नसे, आणि चौघांसाठी सर्व्हर सांभाळणे मला जड वाटले. उरला एसडीसीव्ही, म्हणजे स्टारडिक्ट पद्धतीच्या कोशांसाठीची टर्मिनलवरची आज्ञा. आमची मूळ फाइल स्टारडिक्ट पद्धतीचीच होती. शब्द तंतोतंत जुळला नाही तर ही आज्ञा अक्षरांतले अंतर मोजून जवळचे शब्द सुचवते, म्हणून मी जवळजवळ तिच्यावरच थांबलो होतो.

मग ‘गऱ्हाणे’ हा शब्द घेऊन हिशोब मांडला. कोशात तो जुन्या लेखनाप्रमाणे अनुस्वारासह ‘गऱ्हाणें’ असा आहे. आपण ‘गऱ्हाणे’ लिहिले तर ऱ चा र, मध्ये जोडक आणि शेवटी अनुस्वार असे तीन बदल होतात, आणि मुळात शब्दच सात चिन्हांचा आहे. सातांत तीन बदल चालवून घ्यायचे म्हटले की असंबद्ध शब्दांची रांग लागते. अंतर मोजणाऱ्याला अनुस्वार गळणे आणि क च्या जागी म येणे यांत फरक दिसत नाही, तर मराठी वाचकाला पहिला बदल जाणवतही नाही. कोणता बदल किरकोळ आणि कोणता मोठा, हे मराठीच्या लेखनाच्या इतिहासावरून ठरते. ते ज्ञान कोणत्याच तयार साधनात नव्हते, म्हणून शोधाची किल्ली, म्हणजे किरकोळ फरक मिटवलेले शब्दाचे जुळवणीपुरते रूप, स्वतःच बनवायची असे ठरवले.

केलेली कृती

नवी आज्ञा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली आणि कोश एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये ठेवला. प्रत्येक शब्दासाठी दोन किल्ल्या साठवल्या, एक कडक आणि एक सैल. आपण दिलेल्या शब्दाच्याही त्याच पद्धतीने दोन किल्ल्या होतात आणि मग जुळवणी होते.

कडक किल्लीत फक्त संगणकीय फरक मिटवले आहेत. त्यात र, हलन्त आणि जोडक ही तिकडी दिसली की तिचा आधी हलन्त ऱ होतो, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढली जातात. पूर्वी हाच क्रम मी उलटा केला होता. ॲ या अक्षराचीही अशीच गत आहे. ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीचे लोक अ ला चंद्र जोडत आणि अजूनही अनेक जण जोडतात. हा फरकही इथेच मिटवला.

सैल किल्लीत लेखननियमांचे फरक मिटतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आणि आणखी चार १९७२ मध्ये मान्य झाले, आणि त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. मोल्सवर्थ त्याआधीचा, म्हणून त्यात ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ आहेत. सैल किल्ली सगळे अनुस्वार गाळते, पंडित आणि पण्डित एक मानते, ऱ्हस्व-दीर्घ सपाट करते आणि ऱ चा र करते.

यावर काका आणि मी दोन संध्याकाळ वाद घातला. त्यांचे म्हणणे, असे केले तर आचाऱ्यास आणि आचार्यास एकाच पंगतीत बसतील. दऱ्यांचा दर्या होईल, आणि एका बिंदूच्या फरकाची चिंता व चिता एक होतील. सुत-सूत आणि दिन-दीन या तर शाळेपासून पाठ असलेल्या जोड्या. ते अगदी बरोबर होते. माझे म्हणणे एवढेच होते की सैल किल्ली नसेल तर ‘काही’ हा शब्दसुद्धा मोल्सवर्थमध्ये सापडणार नाही. शेवटी असे ठरले की दोन्ही किल्ल्या ठेवायच्या, पण उत्तरे कधीच एकत्र करायची नाहीत. आधी कडक जुळणी, मग एक रिकामी ओळ, मग ‘लेखनभेद धरून’ या मथळ्याखाली सैल जुळणी. चिंतेच्या उत्तरात चिता दिसते, पण ती का दिसते तेही दिसते.

प्रत्ययांचे काम सर्वांत किचकट निघाले. ‘गऱ्हाण्याचा’ हे रूप कोशात नसते. चा काढायचा, राहिलेल्या ‘गऱ्हाण्या’ या सामान्यरूपावरून मूळ शब्द आकारान्त, ईकारान्त की एकारान्त हे तिन्ही करून पाहायचे, आणि कोशात असेल तोच ठेवायचा. घोड्या-घोडा, पाण्या-पाणी, गऱ्हाण्या-गऱ्हाणे हे असे सुटतात. पण यंत्राला मोकळे सोडले तर ते ‘पाला’तून ला आणि ‘सोने’तून ने काढून मोकळे होते. म्हणून आधी शब्द आहे तसा शोधायचा, आणि प्रत्यय काढलाच तर काय काढले ते सांगायचे, असा नियम केला. ‘शोध चऱ्हाटाचे’ असे विचारले की आता पडद्यावर हे येते:

दिल्याप्रमाणे: नाही
लेखनभेद धरून: नाही
‘चे’ काढून, सामान्यरूपावरून: चऱ्हाट

आणि त्याखाली अर्थ. यांपैकी काहीच जुळले नाही तर आज्ञा गप्प राहत नाही. कोणकोणती रूपे शोधली ते ती सांगते, आणि तो शब्द कोशात असता तर जिथे असता त्या जागेच्या आधीचे पाच व नंतरचे पाच शब्द दाखवते. काकांच्या ‘पुस्तक कधी नाही म्हणत नाही’ या वाक्याचा अर्थ मला हे लिहिताना कळला. जुनी आज्ञा शेजारी दाखवत असती, तर ‘चऱ्हाट’च्या जागी रफाराचा ‘चर्हाट’ पहिल्याच दिवशी दिसला असता आणि तो विचित्र शब्द कुठून आला हे कोणीतरी विचारले असते.

टर्मिनलवर देवनागरी नीट दिसणे हा वेगळाच त्रास होता. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर देतो, आणि जोडाक्षरे त्या घरांत मावत नाहीत. विंडोजवाल्या मुद्रितशोधिकेसाठी शेवटी उत्तर एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ती संपादकात उघडण्याची सोय केली. यावर याहून जास्त वेळ घालवला नाही.

परिणाम

जुन्या आज्ञेच्या काळात ताडून झालेली सगळी पाने पुन्हा पाहावी लागली. सगळी पाने नव्याने वाचणे शक्य नव्हते, म्हणून ऱ्ह, ऱ्य आणि व्ह असलेले शब्द वेगळे काढून तेवढेच मूळ पानांशी ताडले. चऱ्हाटासारखी आणखी दोन ठिकाणे निघाली.

न सापडलेले शब्द आज्ञा आता एका फाइलमध्ये नोंदवत जाते. ती केवळ माझ्या सोयीसाठी ठेवली होती, पण दर शनिवारी काका ती फाइल मागून घेतात आणि शब्दांपुढे अर्थ, पुस्तक आणि पान लिहून परत देतात. मोल्सवर्थमध्ये नसलेल्या किंवा वेगळ्या रूपात असलेल्या शब्दांची एक पुरवणी त्यातून तयार होत आहे, आणि आज्ञा तिच्यातही शोधते.

दुसऱ्या एका गटाने आमचे साधन मागितले तेव्हा एक न सुटलेला प्रश्न पुढे आला. १८५७ चा कोश स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, पण आमच्याकडची संगणकीय फाइल कोणी टंकली आणि कोणत्या अटींवर दिली याची नोंद आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. आम्ही प्रोग्रॅम आणि काकांची पुरवणी दिली, कोशाची फाइल दिली नाही. त्यांना ती स्वतः, अटी वाचून मिळवावी लागली, आणि त्यात त्यांचे बरेच दिवस गेले.

वेगळे काय करता आले असते

प्रोग्रॅमच्या आधी परीक्षा तयार करायला हवी होती. आता आमच्याकडे तीस शब्दांची एक यादी आहे. तिच्यात ऱ, ॲ, जुने अनुस्वार, सामान्यरूपे आणि मुद्दाम घातलेले पाला, सोने यांसारखे सापळे आहेत, आणि आज्ञेत काहीही बदलले की ही यादी आधी चालवली जाते. काकांशी तासभर बोलून अशी यादी पहिल्याच दिवशी करता आली असती, कारण त्यातला एकही शब्द त्यांना नवा नव्हता.

क्रमाची पहिली खोड सापडली तेव्हा फाइलमधला प्रत्येक शब्द आज्ञेलाच विचारून पाहायला हवा होता. साठ हजार शब्द विचारायला संगणकाला फार वेळ लागत नाही. मात्र विचारायचे शब्द मी स्वच्छ केलेल्या फाइलमधून न घेता मूळ फाइलमधून घ्यायला हवे होते, नाहीतर रफाराची चूक स्वतःशीच जुळून पास झाली असती. आणि फाइल हाती आली त्याच दिवशी ती कुठून आली हे एका ओळीत लिहून ठेवणे एवढे साधे काम होते.

एक दुरुस्ती अजून बाकी आहे. शेजारचे शब्द दाखवताना क्रम युनिकोडचा लागतो, आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. वर्णमालेत तो ह नंतर येतो. ‘काळ’च्या पुढे ‘काव’ आलेला पाहून काकांनी त्याच पद्धतीने समासात शेरा मारला आहे. क्रमाची स्वतंत्र सारणी हाताने लिहायची आहे, आणि त्यात क्ष व ज्ञ कुठे बसवायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.